एक प्लेट काकासाहेब

गीताबाई खरातला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची सवय होती, आणि न विचारलेल्याचंही. फुलंब्रीजवळच्या खेड्यात ती चौथीपर्यंत शिकली. गुरुजी हजेरी घ्यायचे तेव्हा गैरहजर पोरींच्या वतीनं हीच बोलायची. अमकी मामाच्या गावाला गेली, तमकीच्या घरी पाहुणे आलेत, तमकी बसलीय बोरीखाली. लग्न होऊन ती शहरात, छावणीच्या अंगाला पडेगाव रस्त्यालगतच्या वस्तीत आली, तरी खोड गेली नाही. एकदा सासूनं नकोशा पाहुण्याला दूध नासल्याचं सांगितलं, तर आतून हिचा आवाज आला, ‘नाय नासलं, आत्ताच तापवलंय.’ पाहुणा चहा पिऊन गेला. सासूनं मात्र पुढं कितीतरी दिवस हिच्या हातचा चहा घेतला नाही.

नवरा सखाराम एका गोदामावर वॉचमन. शांत माणूस. त्याचा आवाज वाढायचा तो फक्त मैदानावर. वस्तीत क्रिकेट होतंच, पण छावणीच्या शेजारामुळं फुटबॉल जुना. आजोबांनी अनवाणी खेळलेला, बापानं फाटक्या बुटांनी खेळलेला. सखाराम स्वतः कधी संघात आला नाही, पोरगा आला. प्रणय डावीकडून पळायचा. सात नंबरची बनियन घालून तो बॉल घेऊन सुटला की सखाराम दोरीच्या बाहेरून त्याच्याबरोबर पळायचा आणि लोक हसायचे.

गीताबाईचा भज्यांचा गाडा मैदानाच्या कोपऱ्यावर. ऑफसाइड म्हणजे काय ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. पण कोण जिंकलं ते तिला मैदानाकडं न बघता सांगता यायचं. जिंकलेले लोक मिरची भजी मागायचे आणि हरलेले नुसता चहा.

वस्तीच्या नवतरुण क्लबाचे सेक्रेटरी काकासाहेब. त्यांच्याबद्दल वाईट बोलणं अवघड होतं. पोरांना बूट त्यांनी आणले, मैदान त्यांनी भांडून मिळवलं. कुणाचं रेशनकार्ड, कुणाच्या पोरीची अ‍ॅडमिशन, कुणाची दवाखान्यातली कॉट, सगळं त्यांच्या एका फोनवर व्हायचं. सखारामची वॉचमनची नोकरीही त्यांच्याच शब्दावर लागलेली. वस्तीत निम्म्या घरांत त्यांचं नाव देवासारखं नाही, पण विजेच्या बिलासारखं तरी घेतलं जायचं. टाळून चालायचं नाही.

या मैदानावर दोन रीती होत्या. एक म्हणजे मॅचआधी दोन्ही संघ ओळीत उभे राहायचे, रेफ्री पूर्ण नावं वाचायचे आणि प्रत्येक पोरगा ‘हाजिर’ म्हणायचा. येस सर नाही, प्रेझेंट नाही. निजामाच्या काळापासूनचा हा शब्द मैदानानं सोडला नव्हता. दुसरी रीत अशी, की हाफटाइमला पोरांना लिंबूपाणी खेळाडूंच्या आयांनी पाळीपाळीनं आणायचं.

सतरा वर्षांखालच्या पोरांच्या स्पर्धेत नवतरुण फायनलला गेला आणि प्रणय तापानं पडला. साधा ताप नव्हता, उभं राहिलं की पोरगा भिंत धरायचा. सखारामनं काकासाहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, काळजी करू नको, बघतो काहीतरी.

लिंबूपाण्याची पाळी त्या दिवशी गीताबाईची होती. पोरगा खेळत नसला म्हणून पाळी चुकवायची, हे तिच्या मनातही आलं नाही. प्रणयच्या उशाशी सखारामला बसवून ती पाण्याची कळशी घेऊन दोरीशी येऊन उभी राहिली. सात नंबरची बनियन एका उंच पोरानं घातली होती. ओठावर नुकताच वस्तरा फिरवल्याची हिरवट रेघ. बदली पोरगा असेल, असं तिला वाटलं. बनियन त्याला आखूड होत होती, एवढंच तिनं टिपलं.

रेफ्रींनी नाव वाचलं, ‘प्रणय सखाराम खरात.’

‘हाजिर,’ तो पोरगा म्हणाला.

आणि त्याच दमात दोरीजवळून गीताबाई म्हणाली, ‘त्यो घरी हाय साहेब. ताप हाय त्याला.’

रेफ्रींनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग पोराकडं. त्यांनी त्याला बापाचं नाव विचारलं. त्यानं बरोबर सांगितलं. जन्मतारीख विचारली, तीही पाठ होती. मग रेफ्रींनी विचारलं, ‘आईचं नाव?’

आईचं नाव त्याला कुणी पढवलं नव्हतं. आई चार हातांच्या अंतरावर कळशी घेऊन उभी होती आणि पोरगा आभाळाकडं बघत होता. दोन्हीकडचे लोक आत घुसेपर्यंत तो बनियन काढून कुंपणावरून पसार झाला. पैठणकडचा होता, वीस-एकवीस वर्षांचा, एवढंच नंतर कळलं.

स्पर्धेच्या समितीनं चौकशी केली. काकासाहेब समितीपुढं म्हणाले की मला यातलं काही ठाऊक नाही, मी गडबडीत होतो, प्रणयनंच आपल्या जागी दोस्त पाठवला. कप बेगमपुऱ्याच्या संघाला गेला. क्लबाला ताकीद मिळाली. आणि प्रणय सखाराम खरात या नावावर दोन वर्षांची बंदी आली. दोन वर्षांनी पोरगा वयातून बाहेर जाणार होता. जिल्ह्याच्या संघाची निवड दिवाळीआधी होती, आणि तिथं त्याला जवळजवळ नक्की घेतील असं सगळेच म्हणत होते. ताप उतरला त्याच दिवशी पोराला हे कळलं. तो भिंतीकडं तोंड करून पडला. आईला त्यानं एकच वाक्य ऐकवलं.

‘तुला कुणी विचारलं होतं?’

त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही.

गाड्यावर रोज संध्याकाळी कोर्ट भरू लागलं. समोरचा पंक्चरवाला करीमभाई, एसटीतून रिटायर झालेले बद्रीनाथ कंडक्टर आणि मैदानावरची येणारी-जाणारी मंडळी. बद्रीनाथ मोबाइलवर परदेशातल्या मॅचेस बघायचे. तिकडं अशा क्लबाचे गुण कापतात, खालच्या लीगमध्ये ढकलतात, असं ते घाटातल्या वळणांची माहिती द्यावी तसं सांगायचे. करीमभाईचं म्हणणं होतं, पैठणवाल्या पोराला जन्मभर मैदानावर पाय ठेवू देऊ नये. कुणी म्हणालं, रेफ्री बेगमपुऱ्याचा जावई आहे, आधी त्याला काढा. रडीचा डाव कुणी खेळला यावर रोज वाद, गाढवावरून धिंड कुणाची काढायची यावर रोज मतदान.

काकासाहेबांचं नाव आलं की मात्र सगळ्यांचा घास मोठा व्हायचा. खरं काय ते प्रत्येकाला ठाऊक होतं. बद्रीनाथ म्हणायचे, चुकलं त्यांचं, पण क्लबासाठी केलं, स्वतःच्या घरासाठी नाही. क्लबावर बंदी आली असती तर पंचवीस पोरं घरी बसली असती. एका दिवशी करीमभाई चटणीत भजं बुडवत सहज बोलून गेला, ‘भाभी, तुम एक मिनिट चुप रैते ना, तो कप अपना था.’

गीताबाईनं झारा कढईच्या काठावर आपटला. तेल निथळलं. त्या दिवशी तिच्या ध्यानात आलं, की ही माणसं इतके दिवस कपाचा खटला चालवत होती. तिच्या पोराचा खटला कुणाच्या यादीवरच नव्हता.

ती काकासाहेबांच्या घरी गेली. त्यांनी आदरानं खुर्ची दिली, बायकोला, रत्नमालाला, चहा टाकायला सांगितला. गीताबाईनं एवढंच मागितलं, की समितीपुढं जाऊन खरं सांगा. काकासाहेब समजुतीच्या सुरात बोलत राहिले. क्लब राहिला तर पोरं राहतील. दोन वर्षं हां हां म्हणता जातील. मग हसून म्हणाले, ‘अहो, बंदी कागदावरच्या नावाला हाय. नावाला काय होतंय, गीताबाई?’

तिनं चहा न पिता कप खाली ठेवला.

वाटेत तिनं एक दुधी भोपळा घेतला. लांब, सरळ, कोवळा.

सखारामनं सकाळी पाहिलं तेव्हा ती पाटावर बसून दुधीच्या बोटभर लांबीच्या फोडी करत होती. मिरचीसारख्या, एका टोकाला निमुळत्या. शेजारी खऱ्या मिरच्यांचे तोडलेले देठ. प्रत्येक फोडीच्या जाड टोकाला ती एक देठ खोचत होती. त्यानं विचारलं, हे काय. ती म्हणाली, भाजी. इतक्या वर्षांत त्याला ठाऊक झालं होतं, की ही एका शब्दात उत्तर देते तेव्हा पुढचं विचारू नये.

संध्याकाळी कोर्ट जमलं. बद्रीनाथांनी मिरची भजी मागितली. पिठातून बाहेर आलेलं हिरवं देठ धरून त्यांनी डोळे बारीक केले, तिखट लागणार म्हणून श्वास आत घेतला आणि चावा घेतला. चेहरा तसाच राहिला. त्यांनी भजं उघडून पाहिलं.

‘वहिनी, हे काय? वर देठ मिरचीचं आणि आत दुधी?’

‘हे काकासाहेब,’ गीताबाई म्हणाली. ‘दुसऱ्याच्या देठावर आलेत.’

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग करीमभाईला ठसका लागला. हसून लागला की भीतीनं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. बद्रीनाथांनी उरलेलं भजं खाली ठेवलं नाही, खाल्लंही नाही. हातात धरून बसले. गीताबाईनं त्या दिवशी कुणालाच मिरची दिली नाही. कप गेल्याचं दुःख करणाऱ्या एकेकाच्या पानावर तिनं एकेक काकासाहेब ठेवला, आणि तो खाऊन होईपर्यंत समोर उभी राहिली.

वाईट एवढंच झालं, की भजी चांगली लागत होती. आत गोडसर, वर ठेचा. दोनच दिवसांत कॉलेजची पोरं येऊन विचारू लागली, ते काकासाहेब कुठं मिळतात. एका बाईनं तर पोराला तिखट चालत नाही म्हणून मुद्दाम मागितलं, ‘याला एक काकासाहेब द्या, बिनतिखट.’ नावामागची गोष्ट ज्याला माहीत नसे तो विचारायचा, आणि गीताबाईला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची सवय होतीच. ती पिठात हात ठेवून सांगायची. आवाज चढवायची नाही. नाव, गाव, मॅच, सात नंबर, आईचं नाव. शेवटी म्हणायची, ‘दोन वर्षं बंदी माझ्या पोराला. ठेचा देऊ का अजून?’

झोपताना ती त्या दिवशी किती जणांना गोष्ट सांगितली ते आठवायची आणि तिला चांगली झोप लागायची.

काकासाहेबांनी सखारामला बोलावून घेतलं. घरी आल्यावर सखाराम बराच वेळ बूट न काढता बसला. मग म्हणाला, ‘गोदामाचा मालक त्यांच्या ओळखीचा हाय. बायकोला आवर म्हणाले.’

‘मग?’

‘नोकरी जाईल.’

‘तुमची नोकरी तुम्ही ठरवा,’ ती पिठाचा हात धूत म्हणाली. ‘मी माझं ठरवलंय.’

कोपऱ्यात पडलेल्या प्रणयनं कूस बदलली नाही. पण मोबाइलवर चाललेलं त्याचं गाणं बंद झालं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सखाराम ड्यूटीवर जाताना गाड्याशी आला. इतक्या वर्षांत तो गाड्यावर कधी गिऱ्हाईक म्हणून आला नव्हता. अंगात वॉचमनचा निळा शर्ट, खांद्यावर पट्टी. क्लबाची सगळी मंडळी बसली होती, आणि काकासाहेब मैदानाच्या फाटकाशी मोटारसायकलवर बसून कुणाशी तरी बोलत होते. सखाराम मैदानावरच्या आवाजात म्हणाला, ‘प्रणयची आई, एक काकासाहेब दे.’

गीताबाईनं पान पुढं केलं. त्यानं उभ्यानंच खाल्लं, देठ फाटकाच्या दिशेनं फेकलं आणि सायकलवर टांग टाकून गेला. नोकरीचं काय व्हायचं ते होवो, त्या रात्रपाळीपुरता तो कुणाचाच मिंधा नव्हता.

करीमभाईनं मग पहिल्यांदा खऱ्या खटल्याचा विषय काढला. म्हणाला, ‘शिक्षा ज्याला द्यायला पाहिजे त्याला सोडून हम दुनिया को बाट रहे थे.’ समितीला आपण जाऊन सांगू, असंही तो म्हणाला. बद्रीनाथांचं मत पडलं, की ऐकीव साक्षीला नियमात किंमत नाही, कबुली लागते. गीताबाई म्हणाली की कबुलीचंच तेल तापतंय.

आणि एका दुपारी रत्नमाला घरी आली. पदर डोक्यावरून घेतलेला, हातात काही नाही. गीताबाईनं बसायला टाकलं, चहा ठेवला. रत्नमालानं सुरुवातीला पोरीच्या अभ्यासाचं काही सांगितलं. मग चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाली, मोठीला बघायला सोयगावचे पाहुणे आले होते. चांगली माणसं. बोलणं झालं, जेवणं झाली. निघताना मुलाच्या मामानं हसत हसत विचारलं, छावणीकडं ज्यांच्या नावाची भजी मिळतात ते काकासाहेब तुम्हीच का? त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही.

‘जे केलं ते त्यांनी केलं,’ रत्नमाला म्हणाली. ‘माझ्या पोरीनं काय केलं, ताई?’

गीताबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. या बाईनं कधी तिचं वाकडं केलं नव्हतं. प्रणय जन्मला तेव्हा हिनंच डिंकाचे लाडू पाठवले होते. ते सगळं गीताबाईला आठवलं आणि तरी तिला कणव आली नाही. उलट बरं वाटलं. आपल्या घरात भिंतीकडं तोंड करून पोर पडलंय, तसं आता त्यांच्याही घरात पडलंय, हे ऐकून थंड पाणी प्यायल्यासारखं बरं वाटलं.

‘माझ्या पोरानं काय केलतं?’ ती म्हणाली. ‘तापात पडलं होतं. तुमचे मालक मला म्हणले, नावाला काय होतंय. आता कळलं का काय होतंय?’

रत्नमालानं कप खाली ठेवला.

‘जिथं माझ्या पोराचं नाव घातलं तिथं जाऊन स्वतःचं घाला म्हणावं. पोरीसाठी तरी घाला. निवड होण्याच्या आत.’

रत्नमाला उठून गेली. तिच्या चहावर साय धरली होती. गीताबाईनं तो मोरीत ओतला आणि कप दोनदा धुतला.

काकासाहेबांच्या घरात त्यानंतर काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. शेजारणी एवढंच सांगायच्या, की रत्नमाला दोन दिवस भाकरी थापायच्या आवाजाशिवाय कसलाच आवाज करत नव्हती. तिसऱ्या दिवशी काकासाहेब इस्त्रीचा शर्ट घालून समितीकडं गेले. पैठणच्या पोराला आपणच आणलं, नाव आपणच पढवलं, प्रणयला याची काही कल्पना नव्हती, हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. समितीनं त्यांना पाच वर्षं कुठल्याही संघाशी संबंध ठेवायला मनाई केली. क्लबाचा एक हंगाम बंदीत गेला. प्रणयवरची बंदी उठली. निवडीच्या चाचणीत ज्याचा त्याचा खेळ बघतात, क्लब बघत नाहीत. त्यामुळं त्याची वाट मोकळी झाली. पण बाकीची पोरं घरी बसली. त्यांच्या आयांतल्या दोघी अजून गीताबाईशी बोलत नाहीत. तिनंही त्यांना बोलावलेलं नाही.

निवडीच्या दिवशी ती मैदानावर गेली. पोरं ओळीत उभी राहिली, नावं वाचायला सुरुवात झाली, तशी तिनं पदराचं टोक दातांत घट्ट धरलं. शेजारी उभा असलेला सखाराम तिच्याकडं बघून कितीतरी दिवसांनी हसला.

‘प्रणय सखाराम खरात.’

‘हाजिर.’

आवाज फुटका होता, पण त्याचाच होता. मॅच सुरू व्हायच्या आधी पोरगा दोरीशी आला आणि आईकडं न बघता म्हणाला, ‘पाणी आणलंय का?’ आणलं होतं.

त्याला घेतलं. संध्याकाळी गाड्यावर गर्दी होती. सगळ्यांनी मिरचीच मागितली. बद्रीनाथांनी देठ धरून आधी भजं उघडून पाहिलं, मग खाल्लं, आणि डोळ्यांत पाणी आलं तसे समाधानानं खोकले.

गर्दी पांगल्यावर काकासाहेब आले. चालत आले. गाड्यापासून जरा अंतर ठेवून उभे राहिले. करीमभाई उठून आपल्या दुकानाकडं गेला, बद्रीनाथांना अचानक फोन आला.

‘तुम्ही म्हणला तसं केलं, गीताबाई,’ काकासाहेब म्हणाले. ‘पोराचं चांगलं झालं. मलाबी बरं वाटलं. आता तेवढं नाव काढून टाका.’

गीताबाई दुधीच्या उरलेल्या फोडी पिठात बुडवत होती.

‘मी कुठं लिहिलंय का नाव? गाड्यावर पाटी नाय, काय नाय. पुसू कुठलं?’

‘तुम्ही म्हणायचं बंद करा. लोक विसरतील.’

‘मी तर कवाच बंद केलंय, भाऊ.’ हे खरं होतं. बंदी उठल्यापासून तिनं तो शब्द उच्चारला नव्हता. ‘लावताना नाव माझ्या हातात होतं. आता लोकांच्या तोंडात हाय. शहराच्या पाटीवर नवीन नाव लागून किती दिस झाले, तरी गाडीत बसताना म्हातारी माणसं कुठलं तिकीट मागतात? तोंडाला वेळ लागतोय. दोन वर्षं जातील, हां हां म्हणता.’

काकासाहेब काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात एक मोटारसायकल गाड्याशी येऊन थांबली. दोघं तरुण होते, इकडचे नव्हते. मागच्यानं हेल्मेट काढलं, कढईत डोकावला आणि म्हणाला, ‘मावशी, दोन प्लेट काकासाहेब.’

गीताबाईनं झारा उचलला. काकासाहेबांच्या चेहऱ्यावरची नजर न हलवता तिनं त्या पोराला विचारलं,

‘इथंच खाणार, का बांधून देऊ?’